मीटिंग साडेसातला, शेवटची एसटी सव्वासहाला

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या, वर्धा नदीपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. गावात हाक मारतात तसं त्या गृहस्थांना भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मी तालुक्यातल्या एका लहानशा संस्थेत समुपदेशनाचं काम करतो, आणि दोघांच्या परवानगीने हे लिहितो आहे.

भाऊंचं वय चाळिशीच्या पुढे. साडेपाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी नि तूर, एखाद्या वर्षी सोयाबीन. दारू लग्नाआधीपासून होती. आधी बाजाराच्या दिवशी, मग चुकारा मिळाला की, मग रोज. शेवटच्या वर्षात सकाळी पव्वा पोटात गेल्याशिवाय चहाची बशी हातात ठरत नव्हती. सोसायटीचं कर्ज थकलेलं, वहिनींनी बचत गटातून उचललेले पैसेही त्यातच गेलेले, आणि थोरल्या मुलाने बापाशी बोलणं टाकलेलं.

गावात दारूला विरोध नव्हता असं नाही. काही वर्षांपूर्वी बायांनी मतदान करून बाटली आडवी केली होती. देशीचं दुकान बंद झालं आणि पव्वा किराणा दुकानाच्या मागच्या दाराने, थोडे जास्त पैसे घेऊन, मिळायला लागला. भाऊंची सासुरवाडी नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात, जिथे १९७४ पासून दारूबंदी आहे. म्हणून सासऱ्यांनी जावयाला महिनाभर तिकडे नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोहाची कुठे गळते ते भाऊंना कळलं. दारूबंदीवर मी इथे वाद घालणार नाही. नव्याने प्यायला शिकणाऱ्या पोरांपासून बाटली लांब राहिली तर ती मला हवीच आहे. पण ज्याचं शरीर दारूवर चालतं त्याला जिल्ह्याची शीव अडवत नाही, एवढं या घराने पाहिलं.

दिवाळीनंतर नातेवाइकांनी भाऊंना देवासमोर शपथ घ्यायला लावली आणि दारू एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री घाम, हातापायांना कंप, भिंतीवर मुंग्या चढताना दिसू लागल्या. पहाटे फिट आली. घरात कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, भगताला बोलवा. वहिनींनी आधी १०८ ला फोन लावला. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच होता, आणि तो कोणत्याही समुपदेशकाने घेतलेला नव्हता. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान ताप, बरळणं, भ्रम सुरू होतो आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. गावोगावी "दारू सोडली आणि मेला" अशी जी उदाहरणं सांगतात, त्यातली बरीच याच चार दिवसांतली असतात. मग लोक म्हणतात, सोडू नये बुवा एकदम, सवय झाली तर झाली. धोका सोडण्यात नसतो, डॉक्टरशिवाय सोडण्यात असतो.

ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलं. तिथे गुंगीची औषधं मोजून दिली आणि रोज कमी करत आणली, ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. आठ-दहा दिवसांनी भाऊ आपल्या पायांनी घरी आले.

अडचण

डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती: "नियमित ए.ए. मीटिंगला जावे."

वहिनी ते कार्ड घेऊन आमच्याकडे आल्या. "साहेब, हे ए.ए. कोनतं औषध हाय? मेडिकलवाला म्हन्ते आमच्याकडं नाई येत."

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांना आपला अनुभव सांगायचा, एवढंच त्याचं स्वरूप. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून कोरडे राहिले, तिथून ही चळवळ सुरू झाली. फी नाही, नोंदणी नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. खर्च सभासदांनी मीटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीत टाकलेल्या पैशांतून चालतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही.

डॉक्टरांची ओळ चुकीची नव्हती. २०२० मध्ये सत्तावीस अभ्यास एकत्र तपासणारा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.ची आणि तिच्याशी जोडून देणाऱ्या उपचारांची वाट इतर मान्य उपचारांपेक्षा कमी पडत नाही, उलट काहीशी उजवी ठरते, असं त्यात दिसलं. पण "मीटिंगला जावे" या ओळीत मीटिंग कुठे, किती वाजता, तिथे कुणाला विचारायचं आणि रात्री घरी यायचं कशाने, यातलं काहीच नव्हतं. नागपुरात राहणाऱ्याला ते शोधता येईल. भाऊंच्या गावाला दिवसातून मोजून तीनदा एसटी लागते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं, २०१९ मध्ये जाहीर झालेलं सर्वेक्षण सांगतं की दारूचं अवलंबित्व असलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच कुठले तरी उपचार मिळतात. भाऊ त्या एकांत आले होते, आणि आता एका ओळीवर अडले होते.

शोध सुरू केला तेव्हा मोबाइलवर तालुक्याच्याच एका शाळेत मीटिंग असल्याचं दिसलं. दिलेला नंबर बंद. शाळेत गेलो तर चपराशी म्हणाला, "ते लोक येत होते साहेब, आता दोन-तीन वर्षं झाले नाई येत." लहान गावातला ग्रुप बहुतेक वेळा एका-दोघांच्या जिवावर उभा असतो. त्यांची बदली झाली, आजारपण आलं, की ग्रुप मिटतो. यादीतलं नाव मात्र तसंच राहतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे. दोन्ही फुकट आणि दोन्ही उपयोगाचे, पण या तालुक्यात आज संध्याकाळी मीटिंग भरते का, याचं उत्तर तिथून मिळायचं नाही. ते ए.ए.च्याच माणसाकडून मिळालं. नागपूरच्या नंबरवर निरोप ठेवला तर त्याच दिवशी संध्याकाळी एका सभासदाचा फोन आला. मी प्रकरण सांगायला लागलो, तर दोन वाक्यांनंतर ते म्हणाले, "तुमचं कळलं साहेब. आता फोन त्यांना द्या, तुमी जरा बाजूला बसा."

त्यांच्याकडून कळलं की जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा मीटिंग भरते. वेळ संध्याकाळी साडेसात ते नऊ. भाऊंच्या गावाला तिथून जाणारी शेवटची एसटी सव्वासहाला सुटते.

समोरचे पर्याय

खरं तर वहिनींकडे आमच्याआधीच एक पर्याय पोचला होता. नात्यातल्या एका बाईने "चहातून द्यायची पावडर" आणून दिली होती, नवऱ्याला कळू न देता. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. दारूशी रिॲक्शन आणणारं डायसल्फिराम त्यात असेल आणि नवरा वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. हेच औषध डॉक्टर देतात ते माणसाला समजावून, त्याच्या होकाराने आणि तपासण्या करून. ती पुडी वहिनींनी आमच्या टेबलावर ठेवली आणि तो विषय तिथेच संपला.

महिनाभराच्या निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा विचार झाला. पुण्याच्या मुक्तांगणसारखी, १९८६ पासून चाललेली, नावाजलेली जागा लांब पडत होती. जवळची एक खाजगी जागा पाहिली, पण तिथे दाराला बाहेरून कडी, आणि नोंदणीबद्दल विचारलं की उत्तर टाळायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित मानसिक आजारही येतात. तेव्हा अशा जागेची नोंदणी आहे का, हे विचारायचा कुटुंबाला पूर्ण हक्क आहे आणि उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजावं. शिवाय दिवस वेचणीचे होते. घरातला एक माणूस महिनाभर बाहेर म्हणजे बोंडं झाडावरच गळणार. भाऊंची तब्येत सावरली होती, फिट पुन्हा आली नव्हती, म्हणून निवासी उपचार मागे ठेवले. फिटा सुरू राहिल्या असत्या किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा असती, तर वेचणी बघितली नसती.

गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. तुकडोजी महाराजांच्या विदर्भात ही मोठी शिदोरी आहे, पायी जाण्याइतकी जवळ, आणि माळ घालून दारू सोडलेली माणसं मी स्वतः ओळखतो. भाऊंनी जावं असंच आम्ही म्हटलं आणि ते गेलेही. फक्त तिथे एक गोष्ट होत नाही. "काल संध्याकाळी किराणा दुकानाच्या मागच्या दाराशी मी उभा राहिलो होतो" असं प्रार्थनेत कुणी उठून सांगत नाही, आणि सांगितलं तर ऐकणाऱ्यांत तो दुकानदारही बसलेला असतो.

उरले ऑनलाइन मीटिंग आणि जिल्ह्याची मीटिंग. ऑनलाइन मीटिंगा कोरोनाच्या काळात बऱ्याच वाढल्या, हिंदी-मराठीतून चालतात, भाडं लागत नाही. पण भाऊंच्या घरात रेंज फक्त स्लॅबवर येते, आणि शेजारच्या दोन घरांचे स्लॅब लागून आहेत. रात्री मोबाइलवर "मी अल्कोहोलिक आहे" म्हटलेलं तीन घरांना ऐकू गेलं असतं. मुलाने सुचवलं (बापाशी न बोलता, आईजवळ) की शेतातल्या मोटारीच्या खोलीत बसा. तिथे रेंज होती, पण बाटली लपवायची जुनी जागाही तीच होती.

मुख्य पेच वेगळाच होता आणि तो भाऊंनी स्वतः मांडला. "गाडीघोड्याचं पाहू साहेब. पन तिथं मले कोनी ओळखीचं भेटलं तं?"

काय केलं

ठरलं असं: पहिली मीटिंग जिल्ह्याची, मुक्काम तिथेच राहणाऱ्या चुलत बहिणीकडे. बहिणीला खरं सांगायचं की नाही, यावर घरात दोन दिवस गेले. भाऊंचं म्हणणं, दवाखान्याचं काम आहे असं सांगू. वहिनी म्हणाल्या, खोटं बोलून मुक्काम केला तर पुढच्या वेळी दुसरं खोटं लागेल. शेवटी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मले काय, साऱ्या खानदानाले माहीत हाय." लपवायची एवढी धडपड चालली होती ती गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक होती.

कोण सोबत जाणार, हा पुढचा प्रश्न. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला फक्त "ओपन" मीटिंगला बसता येतं. "क्लोज" मीटिंग ज्याची दारूची अडचण आहे त्याच्यापुरतीच असते. त्या दिवशीची ओपन होती म्हणून मी गेलो, पण बसस्टँडवर भाऊंना घ्यायला नागपूरच्या फोनवरून जोडून दिलेले एक सभासद आले होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, अनेक वर्षांपासून कोरडे. त्यांनी हातात हात घेतला आणि विचारलं, "जेवले का भाऊ? रिकाम्या पोटी लय आठवते ते." दारूबद्दल पहिलं वाक्य एवढंच.

शाळेची खोली. चौथीच्या पोरांचे बाक, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे छातीशी. फळ्यावर अपूर्णांकांची उदाहरणं तशीच होती. एकाने बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या ए.ए.च्या बारा टप्प्यांचा, तक्ता खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, दुसऱ्याने कपात कोरा चहा ओतला. दहा-बारा जण. एकेकाने आपलं नाव सांगायचं आणि बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एक जण बैल विकून प्यायल्याचं सांगत होता. एकाने सांगितलं की आज सकाळी शिक्षकांच्या बैठकीत त्याला घाम फुटला आणि तो मुतारीत जाऊन उभा राहिला. कुणी हळहळलं नाही, कुणी हसलंही नाही. भाऊंची पाळी आली तेव्हा त्यांनी नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी आज नुसता बसतो." सगळे एकदम म्हणाले, "बसा, बसा." पिशवी फिरत आली तेव्हा त्यांनी खिशात हात घातला, तर शेजारच्याने मनगट धरलं. नव्या माणसाने टाकायची गरज नसते.

आणि दाराजवळच्या बाकावर ओळखीचा माणूस होताच. शेजारच्या गावातले कृषी केंद्रवाले, ज्यांच्याकडून भाऊ दरवर्षी बियाणं आणि फवारणीची औषधं उधारीवर नेत. भाऊंचा चेहरा उतरला. मीटिंग संपल्यावर ते सरळ बाहेर पडले. कृषी केंद्रवाल्यांनी त्यांना फाटकापाशी गाठलं. "पाहा भाऊ, तुमी मले पाह्यलं, म्या तुमाले पाह्यलं. आता कोन कोनाचं सांगन?"

ग्रामीण भागात काम करणाऱ्यांनी हा प्रसंग नीट पाहावा. शहरात गुप्तता म्हणजे कुणीच ओळखीचं नसणं. आमच्याकडे पन्नास किलोमीटरच्या आत तसं होणं शक्य नाही. इथे गुप्तता टिकते ती दोघांचंही गुपित एकमेकांच्या हाती असल्याने. नागपूरला दीडशे किलोमीटर जाऊन अनोळखी लोकांत बसायचा पर्याय भाऊंनी मनात धरला होता. तो निवडला असता तर दोन-तीन खेपांत तिकिटाचे पैसे आणि उत्साह दोन्ही संपले असते. उलट ज्या ओळखीची भीती होती तीच वाहन होऊन आली. कृषी केंद्रवाल्यांकडे मोटरसायकल होती आणि भाऊंचं गाव त्यांच्या वाटेवर होतं. दुसऱ्या आठवड्यापासून भाऊ संध्याकाळच्या एसटीने जात आणि रात्री त्यांच्या मागे बसून परत येत. रस्त्यात रानडुकरं आडवी येतात म्हणून गाडी सावकाश चालायची, आणि तेवढा वेळ दोघे बोलायचे. कोणती मीटिंग जास्त उपयोगी पडली, शाळेतली की मोटरसायकलवरची, हे भाऊंनाही सांगता येत नाही.

उधारीचा प्रश्न मात्र होता आणि तो आम्ही आडपडदा न ठेवता काढला. ज्याचे पैसे देणं आहे त्याच्यासमोर माणूस मोकळा कसा होणार? दोघांनी मिळून ठरवलं की दुकानाचा हिशोब दुकानात, दिवसा, वही समोर ठेवून, गाडीवर नाही.

पाऊस आणि पोळ्याची कर

हिवाळा-उन्हाळा बरा गेला. जूनमध्ये पेरणी आली, जुलैमध्ये गावाजवळचा नाला दोनदा पुलावरून वाहिला. कृषी केंद्रवाल्यांचा तर तो धंद्याचाच मोसम, त्यांना रात्री नऊपर्यंत गिऱ्हाईक. भाऊंच्या मीटिंगा आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक, मग बंद. कंडक्टर काका फोन करत, पण भाऊ स्लॅबवर चढून घेत नव्हते.

पोळ्याला बैल सजले, तोरणाखाली झडत्या झाल्या, भाऊ सगळ्यांत होते आणि कोरडे होते. दुसऱ्या दिवशी कर. करीला आमच्याकडे पत्ते आणि दारू रीत असल्यासारखी चालते. न पिणाऱ्यालाही कुणी तरी "आज तरी" म्हणतं. संध्याकाळी भाऊ प्यायले आणि पुढचे चार दिवस पीत राहिले.

इथे पुन्हा निर्णयाची जागा आली. घरच्यांचं म्हणणं, झालं ते गेलं, आता पुन्हा शपथ. आम्ही आधी डॉक्टर म्हटलं, कारण पूर्वी फिट येऊन गेलेल्याला पुन्हा येण्याचा धोका जास्त असतो. वहिनी एसटीच्या अर्ध्या तिकिटावर त्यांना घेऊन जिल्ह्याला गेल्या. दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या, आणि त्याच खेपेत कंडक्टर काका तिथे येऊन त्यांना मीटिंगला घेऊन गेले. भाऊंची तयारी शिव्या खाण्याची होती. त्यांनी सांगितलं, "मी करीच्या दिवशी प्यालो." चेअरपर्सनने एवढंच म्हटलं, "आलात हे बरं केलं," आणि पुढच्याकडे वळले. भाऊ नंतर मला म्हणाले, घरी रडारड झाली असती तर सोपं गेलं असतं, तिथे कुणी काहीच बोललं नाही म्हणून रात्रभर झोप नाही आली.

बाजाराच्या दिवसाचा ग्रुप

पावसाळ्याने एक गोष्ट उघड केली की आठवड्याची मीटिंग एका मोटरसायकलवर चालू शकत नाही. ए.ए.च्या परंपरेत दोघं-तिघं दारू सोडण्यासाठी एकत्र बसले आणि दुसऱ्या कुणाशी बांधलेले नसले, तर तो ग्रुप होतो. कृषी केंद्रवाले, भाऊ आणि तालुक्यातलाच एक सुतार, असे तिघे होते.

जागेचा प्रश्न आला तेव्हा सरपंचांच्या कानावर गेलंच. त्यांनी मोठ्या मनाने समाजमंदिर देऊ केलं, फुकट. सोबत फलक लावू म्हणाले, आणि २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मद्यनिषेध सप्ताहात भाऊंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू म्हणाले. घरात सगळ्यांना आनंद झाला, मुलालासुद्धा. सत्काराच्या निमित्ताने तो वर्षानंतर बापाशी पहिलं वाक्य बोलला. नाही म्हणणं किती जड गेलं असेल ते सांगायला नको. पण करीनंतर जेमतेम महिना झाला होता. स्टेजवर चढलेला माणूस पुन्हा घसरला तर त्याला मीटिंगचं दारही लाजेने बंद होतं, आणि फलकाखालच्या खोलीत दुसरा नवा माणूस पाऊल टाकत नाही. काकांनी सरपंचांना समजावलं की आमच्याकडे नाव नि फोटो चालत नाही. सरपंच थोडे नाराज झाले. सत्कार टळला आणि मुलगा पुन्हा गप्प झाला.

जागा मिळाली ती तालुक्याला, एका शाळेच्या मागची खोली, नाममात्र भाड्याने. वार ठरवताना बरीच चर्चा झाली. मी संध्याकाळ सुचवली होती. सुतार म्हणाला, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला ठेवा. त्या दिवशी तालुक्याला का गेलास म्हणून कुणी विचारत नाही, काळी-पिवळ्या दिवसभर चालतात, आणि हातात मजुरीचे पैसे येऊन देशीच्या दुकानाकडे पाय वळतात तोही दिवस तोच. म्हणजे आड आणि विहीर एकाच रस्त्यावर, पण निदान मध्ये एक खोली तरी. ही सूचना कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

परिणाम

हे लिहिताना त्या करीला वर्ष उलटून गेलं आहे आणि दरम्यान आणखी एक कर कोरडी गेली. त्या दिवशी तिघांनी सुताराच्या घरी पिठलं-भाकरी केली आणि अंधार पडेपर्यंत कुणी बाहेर पडलं नाही. ग्रुपला कधी तिघे असतात, कधी सात. वेचणीत दोघांवर येतं. काही जण एकदा येऊन परत फिरकले नाहीत. एक जण प्यायलेलाच आला, कोपऱ्यात बसून ऐकून गेला. बाई अजून एकही आलेली नाही. मोहाची पिणाऱ्या बाया तालुक्यात आहेत, पण पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या येणार नाहीत आणि त्याची तोड आमच्याजवळ आज नाही.

घराचं सगळं जुळलं असं म्हणता येणार नाही. सोसायटीचं कर्ज तसंच आहे, यकृताच्या तपासण्या चालू आहेत. मुलगा कामापुरतं बोलतो. वहिनी म्हणतात, संध्याकाळी भाऊंना यायला उशीर झाला की त्या अजूनही तोंडाचा वास घेतात, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या आधीची. कार्डावर "मीटिंगला जावे" लिहिण्याऐवजी माणूस वॉर्डात असतानाच ए.ए.च्या सभासदाशी फोनवर बोलला असता, तर घरी आल्यानंतरचे शोधातले आठवडे वाचले असते. फिटा थांबल्यावरचे दोन-चार दिवस माणूस सगळ्यात जास्त ऐकतो. सभासदांना वॉर्डात येऊ द्यायला कोणतीही योजना किंवा निधी लागत नाही, सिस्टरांनी हो म्हणावं लागतं. मीटिंगचा पत्ता बदलतो, म्हणून पत्त्यापेक्षा चालू असलेला एखाद्या माणसाचा नंबर द्यावा, आणि तो देण्याआधी स्वतः एकदा लावून पाहावा.

दुसरं, शेवटच्या गाडीची वेळ. आमच्या नोंदीच्या फॉर्मवर पिण्याचं प्रमाण, वर्षं, कर्ज, सगळ्याचे रकाने आहेत. आता "रात्री परत कसे येणार" असाही रकाना हाताने आखला आहे.

तिसरं वहिनींचं. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप चालतात, पण या तालुक्यात तसा ग्रुप नव्हता आणि आम्ही सगळं लक्ष भाऊंवर दिलं. कृषी केंद्रवाल्यांच्या घरच्या बाई अशाच वाटेवरून गेलेल्या होत्या, त्यांची नि वहिनींची गाठ पहिल्याच महिन्यात घालता आली असती. ती पडली करीनंतर. आता दोघी बाजाराच्या दिवशी, पुरुष खोलीत बसतात तेव्हा, भाजीच्या ओळीपलीकडे रसवंतीवर बसतात. त्याला कुणी मीटिंग म्हणत नाही.

सत्काराला नकार देण्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या सहकारी ताईंना वाटतं, मुलाला विश्वासात घेऊन, नाव न घेता, नुसता कार्यक्रम करता आला असता आणि बाप-लेकातला तो धागा तुटला नसता. मला तेव्हाही नकार बरोबर वाटला, आजही वाटतो, पण मुलाला तो कुणी समजावून सांगितला नाही हे ताईंचं म्हणणं मान्य आहे.

पावसाळ्याचं यंदा आधीच ठरलं आहे. नाला चढला आणि कुणाला येता आलं नाही, तर त्याने बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला काकांना फोन लावायचा. खोलीतला फोन टेबलावर, स्पीकरवर. भाऊंनी त्यासाठी स्लॅबवरची जागा सोडून नाल्याअलीकडचं मारुतीचं पार पाहून ठेवलं आहे. तिथे रेंज येते, आणि दुपारी तीनला तिथे कुणी नसतं.